खिडकीचा रेनकोट

"वॉटरप्रूफ मिळेल का?" असं विचारत कुणी दुकानाची पायरी चढलं, की मान वर न करता मी ओळखायचे: साठी उलटलेली, सरकारी पेन्शन, राहायला पेठेत. त्या पिढीला रेनकोट हा शब्दच मान्य नव्हता. त्यांचा वॉटरप्रूफ खुंटीला टांगलेला असायचा, आणि दुसऱ्या कुणी तो घातला तर घरात महाभारत व्हायचं. "बरसाती" म्हणणारे आमच्या नात्यागोत्यातले, नाहीतर कॅम्पातले. मंडईतल्या भाजीवाल्या मावश्या सरळ "एक कागद दे गं" म्हणायच्या. कागद म्हणजे प्लॅस्टिकचा, डोक्यावरून पाठीवर सोडायचा, गळ्याशी गाठ मारली की झालं. हमाल काहीच मागायचे नाहीत. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घेतला की त्यांची खोळ तयार. मुळशीकडून दूध घेऊन येणारा एक म्हातारा दर वर्षी विचारायचा, "इरलं हाय का?" बांबूचं इरलं आमच्याकडे कुठून असणार? ते त्यालाही ठाऊक होतं. मी "नाही हो बाबा" म्हटलं की "मंग तुमचं त्ये रेनकोट दावा" म्हणायचा, सगळे उलगडून बघायचा आणि काही न घेता निघून जायचा.

आणि एक शब्द फक्त आमच्या दुकानात चालायचा. खिडकी. "भाभी, एक खिडकी शिवायचीय." शेजारी उभ्या असलेल्या नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण चुकून सुताराकडे आलो. खिडकी म्हणजे एका खास प्रकारचा रेनकोट. तो आम्ही काढला, आम्हीच शिवायचो, आणि एका पावसाळ्यात भर सीझनमध्ये मी तो बंद केला. का बंद केला ते मी कुणाला धड सांगितलं नाही. गिऱ्हाइकं चिडली, नातेवाईक म्हणाले डोकं फिरलंय हिचं. आज लिहिते.

मी मेहरून आत्तार. मंडईच्या मागच्या गल्लीत आमचं रेनकोटचं दुकान होतं. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अब्बांनी सुरू केलेलं. पुढे मी आणि आमचे हे, दोघांनी चालवलं. हे मशिनवर आणि मी काउंटरवर, कारण यांच्या तोंडून दिवसभरात चार शब्द निघायचे आणि गिऱ्हाईक पुण्याचं. आता हे नाहीत, दुकान नाही, मी बिबवेवाडीला मुलाकडे असते. दिवाळी अंकाच्या बाई म्हणाल्या, "धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. पण ती एक गोष्ट गाळून नुसत्या गमती लिहिण्यात मला राम वाटत नाही.

धंदा काय ते आधी सांगते. रेनकोट शिवणं हा मुळातच उलटा कारभार. कापड पाणी अडवतं, पण त्यात सुई गेली की भोक पडतं, आणि भोक म्हणजे पाणी. म्हणजे जितकी शिवण जास्त तितका कोट गळका. म्हणून प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवायची. आमचे हे ती अशी बसवायचे की नखाने उकलू म्हटलं तरी उकलायची नाही. पण पाणी अडवलं म्हणजे काम संपलं असं नाही. वारा अडला की माणूस आतल्या आत घामाने भिजतो, मग येऊन आमच्याच नावाने ओरडतो की कोट गळतो. म्हणून काखेत भोकं ठेवायची, पाठीवर झालर सोडून तिच्याखाली जाळी लावायची. पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि वारा कोंडू द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला मात्र भोक दिसलं की तिडीक उठायची. "अहो, हे भोक मुद्दाम ठेवलंय की उंदराने?" असं मला एका प्राध्यापकांनी विचारलेलं आहे. मी म्हटलं, "मुद्दाम. उंदीर इतकं गोल कुरतडत नाही."

माप घ्यायची आमची पद्धत बाहेरच्याला वेड्यासारखी वाटायची. दुकानात एका लाकडी घोड्यावर जुन्या स्कूटरची सीट ठोकलेली होती आणि समोर हँडलच्या उंचीवर आडवा पाइप. गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचं, दोन्ही हात पाइपला धरायला लावायचे आणि मग टेप लावायची. कारण उभ्याने माप घेतलं की स्कूटरवर बसल्यावर बाही कोपरापर्यंत वर जाते आणि गुडघे उघडे पडतात. पुण्यात पावसात उभं कोण राहतं? सगळे गाडीवर. नऊवारीतल्या एक आजी मुलाच्या मागे एका बाजूला बसून जायच्या, त्यांनाही मी तसंच एका बाजूला बसवून माप घेतलं. त्या इतक्या गंभीरपणे बसल्या होत्या की त्यांनी पाइपऐवजी माझाच खांदा घट्ट धरला आणि म्हणाल्या, "हळू चालव हो."

थक्क होणं हा त्या धंद्याचा भागच होता. एक बाई नवाकोरा कोट परत घेऊन आल्या, पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भगदाड. माझे डोळेच पांढरे झाले. "इस्त्री केलीत?" "मग? चुरगळलेला घालून ऑफिसला जाऊ?" वर त्यांचंच तोंड वर. पण मला खरा हादरा दिला तो एका गृहस्थांनी. ते बायको आणि दोन मुलं घेऊन आले, आमच्या त्या सीटवर चौघंही एकामागे एक चढून बसले, आणि म्हणाले, "घ्या माप. चौघांचा मिळून एकच." मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. तुम्ही त्या काळात पुण्यात राहिला असाल तर तुम्हाला आठवेल, पावसात बापाच्या रेनकोटाच्या आत मागे पोर बसलेलं असायचं. बाहेरून दिसायचे फक्त दोन छोटे बूट. जणू बापालाच चार पाय आहेत. सगळं गाव हसत बघायचं, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही.

खिडकी त्यातूनच निघाली, पण मधे गणपती आला. एका मंडळाची पोरं आली, म्हणाली, "भाभी, मूर्तीला रेनकोट पाहिजे. विसर्जनाला पाऊस असणार." मूर्ती केवढी, सोंड कुठे वळलेली, सगळं हातवारे करून सांगितलं. शेवटी म्हणाली, "पण लोकांना तोंड दिसलं पाहिजे." तेव्हा यांनी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा समोर बसवला. इतका सुरेख बसवला की मंडळाची पोरं शिट्ट्या मारायला लागली. ती गेल्यावर हे मशिनवरून न उठता म्हणाले, "पोरांना पण लावू. अंधारात बसतात बिचारी." दिवसभरातले यांचे चार शब्द त्यातच संपले.

असा तो रेनकोट तयार झाला. बापाच्या कोटाला मागे एक पोटफुगी दिल्यासारखी जागा, पोराच्या तोंडासमोर डाव्या बाजूला पारदर्शक खिडकी, खाली घेराला इलॅस्टिक, म्हणजे कोट चाकात जायला नको आणि वाऱ्याने उडायला नको. आणि खिडकीच्या दोन्ही अंगांना छोट्या छज्ज्याखाली वाऱ्याची भोकं, पोराच्या तोंडाच्या पातळीवर. छज्जा अशासाठी की सरळ पाऊस आत जाऊ नये. तिरका आला तर दोन थेंब जायचे. ते जाणारच. देताना मी प्रत्येकाला सांगायचे, "ही भोकं पोराच्या नाकासाठी आहेत, पावसासाठी नाहीत." पोरांना तो कोट फार आवडायचा. सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या गाडीवरच्या खिडकीतलं पोर हात हलवायचं. रस्त्यात आमचा कोट दिसला की मी यांना कोपर मारून दाखवायचे. अभिमान वाटायचा. का नाही वाटणार?

बेलसरे आमच्याकडे आले ते खिडकी शिवायलाच. कोथरूडला राहायचे, एका कारखान्यात सुपरवायझर होते. दुसरी पाळी असल्यामुळे सकाळी मुलीला मंडईजवळच्या बालवाडीत सोडायचं काम त्यांचं. बायको शिक्षिका, तिची शाळा सकाळची, ती आधीच घरातून निघालेली असायची. मुलगी मंजू, चार वर्षांची, गालांवर खळ्या, अखंड बडबड. आमच्या सीटवर बापाच्या मागे बसली तेव्हा पाठीमागून तोंडाने गाडीचा आवाज काढत होती. तिला सारखा खोकला व्हायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, भिजू देऊ नका. बेलसऱ्यांनी ते असं मनावर घेतलं होतं की विचारू नका. माणूस प्रेमळ, पण हाताला स्वस्थता नाही. घरातला पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांची इस्त्री, सगळं स्वतः खोलून बसवणार. मंजू झोपेत पडू नये म्हणून तिला स्वतःच्या कमरेला बांधायचा पट्टासुद्धा त्यांनी घरीच केला होता. चांगला केला होता.

कोट नेल्यावर आठवड्याभरात ते परत आले. "भाभी, आत पाणी येतं."

"कुठून?"

"तुमच्या त्या भोकांतून. हिचा गाल ओला झाला होता."

"गाल ओला झाला तर पुसा. भोक बंद करता येणार नाही."

"पण मग रेनकोट कशाला म्हणायचं त्याला?"

मी तापले. म्हटलं, "काहीही म्हणा. पोराला श्वास लागतो. तुम्हाला काखेतली भोकं नको असतील तर बुजवून देते, तुम्ही मोठे आहात, घामाने मरत नाही. तिची बुजवणार नाही." त्यावर ते हसले, मंजूच्या डोक्यावर टपली मारली आणि गेले. मला वाटलं, समजलं.

त्यानंतर चार-सहा दिवस गेले असतील. सकाळी नुकतंच दुकान उघडलं होतं, पाऊस धो धो नव्हता पण थांबतही नव्हता. हे आत मशिनला तेल देत होते. बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. बेलसरे गाडीवरूनच हाक मारत होते. एक पाय जमिनीला टेकवलेला, इंजिन चालूच.

"भाभी, जरा बाहेर या, बघा! तुम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही ते काल मी घरी बसून केलं. एक थेंब आत जाईल तर नाव बदलीन."

मी दुकानाच्या छज्ज्याखाली आले. त्यांनी अंग वळवून कोटाची बाजू दाखवली. खिडकीच्या दोन्ही अंगांची भोकं गायब. त्यावर सायकलच्या ट्यूबचे काळे तुकडे, पंक्चर काढतात तसे, सोल्यूशन लावून चिकटवलेले. कडेने पुन्हा सोल्यूशनचा जाड हात. त्याचा तो डोक्यात जाणारा वास मला उभ्या जागी आला. खालचं इलॅस्टिकही त्यांनी दोरी ओवून आणखी आवळलं होतं. आणि खिडकी सगळी आतून वाफेने पांढरी झाली होती. आतलं काही दिसत नव्हतं.

मला आधी रागच आला. तोंड उघडणार तेवढ्यात खाली ते दोन छोटे बूट दिसले. ते हलत नव्हते.

"मंजू कुठाय?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"आत आहे की. झोपली वाटतं. आज कोथरूडपासून गप्प आहे, नाहीतर हिचं तोंड बंद होतं का!"

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण समोरचा केळीवाला धावत आला. मी काउंटरवरची कापड बेतायची मोठी कात्री उचलली आणि त्या कोटाच्या पाठीत घातली. बेलसरे "अहो, अहो, काय करताय?" म्हणून किंचाळले. त्यांना वाटलं मला वेड लागलं. पोराला लागू नये म्हणून मी एक हात आत घालून कापड बाहेर ओढत कापत होते. आतून गरम हवा आणि सोल्यूशनचा वास असा भपकन अंगावर आला की माझेच डोळे चुरचुरले.

मंजू पट्ट्याने बापाच्या कमरेला बांधलेली होती, म्हणून सरळ बसलेली दिसत होती. मान एका बाजूला पडलेली. चेहरा घामाने थबथबलेला, पण लाल नव्हता. मातकट झाला होता, आणि ओठांभोवती निळसर. हे कधी धावत आले मला कळलं नाही. यांनी पट्टा दातांनी सोडवला आणि पोरीला उचलून पावसात धरलं. तिथेच, रस्त्याच्या मधोमध, तोंड वर करून. पाऊस तिच्या तोंडावर पडत होता आणि हे तिची पाठ चोळत "बेटा, बेटा" म्हणत होते. मी या माणसाच्या तोंडून इतके शब्द एका दमात कधी ऐकले नव्हते.

बेलसरे गाडीवर तसेच बसून. कोट दोन्ही बाजूंना फाटून लोंबत होता. इंजिन चालूच. कुणीतरी किल्ली फिरवली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला तर वाटलं सगळं संपलं. मी अल्लाचं नाव घेत होते, केळीवाला विठ्ठलाचं घेत होता. मग तिने एकदम आचका दिला आणि यांच्या खांद्यावर भडभडून उलटी केली. आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मी मटकन पायरीवर बसले.

कोपऱ्यावर एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तपासलं, तिला खिडकीशी बसवून बराच वेळ थांबवलं, छाती पुन्हा पुन्हा ऐकली. वाचली म्हणाले. आणि मग बेलसऱ्यांकडे वळून असे काही बोलले की ते शब्द दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. त्यातलं एवढंच सांगते: "आणखी दोन चौक पुढे गेला असतात, तर माझ्याकडे आणायची गरज पडली नसती."

दुकानात परत आल्यावर बेलसरे आमच्या त्या मापाच्या सीटवर बसले. मंजू माझ्या मांडीवर होती, माझ्या ओढणीत गुंडाळायला गेले तर ती अंग चोरून ओढणी ढकलत होती. तिला जवळ घ्यायला बेलसऱ्यांनी हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. माणूस दहा मिनिटांत दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. मी त्याला फाडून खाणार होते, सगळे शब्द तयार होते तोंडात. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळले.

"भाभी," ते म्हणाले, "हिच्या आईला कळू देऊ नका. ती मला... तिला सहन नाही होणार."

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. यांनी रिक्षा बोलावली. स्कूटर आमच्या दारातच राहिली, ती संध्याकाळी त्यांचा भाऊ घेऊन गेला. फाटका कोट बेलसऱ्यांनी घडी करून काखोटीला मारला होता. मला वाटलं, वाटेत कुठल्यातरी कचऱ्यात टाकतील.

त्या दिवशी आम्ही दुकान लवकर बंद केलं. आम्ही भोकं ठेवली होती, सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. तरीसुद्धा डोळ्यांसमोरून ते दोन बूट हलेनात. आणि किती पोरं शहरात त्या वेळी आमच्या खिडकीत बसून शाळेला जात असतील, हा विचार डोक्यातून जाईना. प्रत्येकाचा बाप हौशी असेल तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दुकानात आल्या. साधी सुती साडी, छत्री, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी आमचा तो कोट काढला आणि काउंटरवर पसरला. माझ्या कात्रीने पाठीतून उभा चिरलेला. काळे तुकडे अजून चिकटलेले.

"नमस्कार. मी मंजूची आई. बेलसऱ्यांकडची. हा सांधून मिळेल का?"

आत मशिनचा आवाज थांबला.

"काल खांबाच्या खिळ्याला अडकून फाटला म्हणे," त्या म्हणाल्या. "यांनी माळ्यावर टाकून दिला होता. म्हटलं, एवढा चांगला कोट, शिवलाय की नुकताच. यांना काही सांगितलं नाही मी, ते कालपासून जरा गप्प गप्प आहेत, कामावर काही झालंय वाटतं. म्हटलं, आपणच सांधून आणू. आणि हे बघा, या बाजूला यांनी पॅच लावलेत ना, तेवढे तसेच ठेवा. त्याने पाणी येत नाही. हिला खोकल्याचा त्रास आहे."

बेलसऱ्यांनी हात जोडून मागितलं होतं. एका घरात काय होईल, त्या नवराबायकोत काय होईल, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. मी आत यांच्याकडे बघितलं. यांनी नुसती मान हलवली. सांग.

"बसा," मी म्हटलं.

"नको, मला घाई..."

"बसा हो."

त्या मापाच्या सीटच्या कडेवर टेकल्या. मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही वाढवलंही नाही. भोकं कशासाठी असतात ते सांगितलं, ती कुणी बुजवली ते सांगितलं, खिळा नव्हता, कात्री होती, माझी होती, हे सांगितलं. पोरगी कशी निघाली आतून, ते सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, तेही. हेही सांगितलं की त्यांनी जाणूनबुजून केलेलं नाही, तिचा गाल ओला होऊ नये म्हणून केलं. हा कोट सांधला तर मला आयुष्यात झोप लागणार नाही, आणि आजपासून असा कोट या दुकानात शिवला जाणार नाही, असंही म्हटलं. ते मी त्या क्षणी ठरवलं.

मला वाटलं त्या रडतील. नाहीतर नवऱ्याच्या नावाने ओरडतील, किंवा माझ्यावर उलटतील, तुम्हीच असला कोट शिवलात म्हणून. कशालाही मी तयार होते. पण त्यांची नजर त्या पांढरट पडलेल्या खिडकीवर खिळली होती. त्यांनी त्यावर बोट टेकवलं.

"आज सकाळी ती स्कूटरवर बसेना," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, वर्गात हजेरी घेतात तसा. "म्हणून मी अर्धी रजा टाकली, बसने सोडलं तिला."

त्यांचं बोट अजून त्या खिडकीवरच होतं.

"आणि काल अंगावर पांघरूण घेईना. घातलं की लाथा मारून काढायची. दार लावलं की उठून उघडायची. खोकला आहे, गारठा आहे, आणि हिचा हा हट्ट. मला वाटलं लाडावलीय." त्या थांबल्या. "मी तिला मारलं हो. पांघरुणात दाबून धरलं आणि मारलं. ती 'आई, नको, आत नको' म्हणत होती."

आतून हे पाण्याचा ग्लास घेऊन आले, तो तसाच हातात धरून उभे राहिले.

बाई उठल्या. पिशवी, कोट, छत्री, कशालाच त्यांनी हात लावला नाही.

"अहो, छत्री," मी म्हटलं. "आणि बालवाडी सुटायला अजून वेळ आहे."

"माहितीय," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून भर पावसात पळत सुटल्या.